घाईतल्या धातूची आठवण

सोयाबीनची आवक सुरू झाली की वाशीमच्या बाजारात माझे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते. वजनकाट्यांची दुरुस्ती हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. वडिलांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट अशी, की २० किलोचे वजन स्प्रिंगच्या काट्यावर ठेवायचे असते, सोडायचे नसते. हळू ठेवले तर काटा २० वर जाऊन थांबतो. तेच वजन पारड्याला टेकवून हात एकदम काढून घेतला, तर काटा क्षणभर ४० च्या घरात जातो आणि हेलकावे खात २० वर येतो. वजन तेच, स्प्रिंग तीच, फक्त घाई वेगळी. हमाल पोते काट्यावर आदळतो तेव्हा तर हिशेब आणखी बिघडतो. वडील म्हणायचे, "काटा वजन सांगतो, पण सवड दिली तर."

मी अभियंता नाही. बारावीनंतर दुकानात बसलो आणि पुढचे शिक्षण जिल्हा ग्रंथालयातून, रद्दीच्या दुकानातून आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांतून झाले. स्प्रिंगा का थकतात, या धंद्यातल्या प्रश्नामागे लागून मी धातूंच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे एक धातू असा भेटला की त्याने वडिलांचे ते वाक्य माझ्यासमोर नव्या अर्थाने उभे केले. वाकवला तरी गरम केल्यावर मूळ आकार आठवणारा हा धातू. त्याच्या कुळाला आकारस्मृती संमिश्रे म्हणतात. त्याच्या आठवणीबद्दल मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. त्याला घाई केली तर काय होते, हा मात्र माझ्या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न मला हौसेपुरता वाटत नाही, याचे कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी दुकानात टांगलेली पारडी एकमेकांवर वाजू लागली. आम्हाला वाटले मांजर शिरले. उजाडल्यावर रेडिओवर कळले, की आमच्यापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. त्या भूकंपाने सुमारे ८ हजार माणसे नेली. काही दिवसांनी धान्य घेऊन गेलेल्या एका ट्रकबरोबर मीही गेलो होतो. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. शंभर वर्षे हेच वजन त्या भिंतींनी मुकाट पेलले होते. वजन त्या पहाटेही वाढले नव्हते. हिसका मात्र नवा होता.

पाणी देणे

आकार आठवणाऱ्या धातूची मुळे लोहाराच्या भट्टीत आहेत. आमच्याकडे पावसाळ्याआधी घिसाडी कुटुंबे रस्त्याकडेला भाता मांडतात. विळा किंवा कुऱ्हाड लाल तापवून, ऐरणीवर घडवून, शेवटी धार पाण्यात बुडवतात. याला पाणी देणे म्हणतात. एका म्हाताऱ्या कारागिराला मी विचारले, "मामा, हळूहळू थंड केलं तर?" तो हसून म्हणाला, "मंग ते लोखंड राह्यते भाऊ, विळा होत नाही."

त्याच्या उत्तरात धातुशास्त्राचे एक प्रकरण आहे. तापलेल्या पोलादातले अणू एका ठरावीक रचनेत बसलेले असतात. तिला ऑस्टेनाइट म्हणतात. हळू थंड केले तर त्यातल्या कार्बनला इकडून तिकडे सरकायला वेळ मिळतो आणि मऊ पोलाद तयार होते. एकदम थंड केले तर कार्बनला हलताच येत नाही. मग अणूंच्या रांगाच्या रांगा एकाच वेळी थोड्या कलंडतात आणि नवी, कठीण रचना तयार होते. कुणीही अणू रांग सोडून जात नाही, शेजारी शेजारीच राहतो. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्मों याने १८९५ मध्ये जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स याच्या सन्मानार्थ या रचनेला मार्टेन्साइट हे नाव दिले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. अणूंचे हे सामूहिक कलंडणे अतिशय वेगाने होते, इतके की त्याची गती धातूतून ध्वनी जाण्याच्या गतीजवळ पोहोचू शकते. म्हणजे या बदलाला स्वतःला सवड लागत नाही.

पोलादात हा रस्ता एकेरी असतो. पुन्हा तापवले की अडकलेला कार्बन बाहेर पडू लागतो आणि मूळ रचनेकडे त्याच वाटेने परतता येत नाही. पण काही संमिश्रांत रांगा जशा कलंडल्या तशाच उलट कलंडून परत येतात. स्वीडनच्या आर्ने ओलांडर याला १९३२ मध्ये सोने आणि कॅडमियमच्या संमिश्रात असे वागणे आढळले. १९३८ मध्ये ग्रेनिंजर आणि मूराडियन यांनी पितळात हा बदल थंड करताना येतो आणि तापवताना जातो, हे दाखवले. सोव्हिएत संघात कुर्द्युमोव्ह आणि खान्द्रोस यांनी १९४९ मध्ये त्याची नीट मांडणी केली. तरीही हे सारे प्रयोगशाळेतले कुतूहलच राहिले. सोन्याच्या स्प्रिंगा कोण बसवणार?

बद्द आवाज आणि घंटेचा आवाज

पुढचे पाऊल पडले ते हातोड्याच्या घावाने. अमेरिकी नौदलाच्या मेरीलँडमधील शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हा धातुतज्ज्ञ १९५८-५९ च्या सुमारास पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होता. उष्णता सोसणारा आणि आघाताने न फुटणारा धातू त्याला हवा होता. निवडक संमिश्रांचे छोटे गोळे वितळवून त्याने ते हातोड्याने ठोकून पाहिले. निकेल आणि टायटॅनियम जवळपास समसमान अणूंच्या प्रमाणात असलेला गोळा सर्वांत चिवट निघाला. निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेचे नाव यांची आद्याक्षरे जोडून त्याने त्याला निटिनॉल म्हटले.

मग एक दिवस त्याने या धातूच्या ताज्या ओतलेल्या कांड्या हाती घेतल्या. थंड झालेली कांडी काँक्रीटच्या जमिनीवर टाकली तर बद्द आवाज आला. अजून गरम असलेली टाकली तर घंटेसारखी वाजली. थंड कांडी गरम पाण्यात घालून पुन्हा टाकली, तर तीही वाजू लागली. माठ विकत घेताना आपण बोटाने टिचकी मारतो, तांबट भांडे ठोकून कान देतो, तसेच हे. बद्द आवाज म्हणजे तडा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. इथे तडा नव्हता. थंड अवस्थेतल्या मार्टेन्साइटमध्ये रचनेचे लहान लहान पट्टे असतात. आघात बसला की त्यांच्या सीमा सरकतात आणि घर्षणात कंपन गिळून टाकतात. गरम अवस्थेत ते पट्टे नसतात, म्हणून नाद उमटतो.

त्यानंतर एक-दोन वर्षांत एका बैठकीत निटिनॉलची चुणीसारखी दुमडलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने सहज तिच्याखाली पाइप पेटवायचा लायटर धरला आणि पट्टी सरळ झाली. आकारस्मृतीची हीच गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र त्याआधीचा तो हातोडा आणि जमिनीवर टाकलेली कांडी अधिक महत्त्वाची वाटते. या धातूची पहिली ओळख ठोकून, आदळून झाली होती. पुढची कित्येक वर्षे त्याला तपासले गेले ते प्रामुख्याने सावकाश.

उलटी धाव

पहिला मोठा उपयोग विमानात झाला. १९७० च्या आसपास अमेरिकेच्या एफ-१४ लढाऊ विमानात द्रवदाबाच्या नळ्या जोडायला या धातूची कडी वापरली गेली. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही युक्ती लगेच कळेल. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवतात, लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात, ती आवळते. निटिनॉलची कडी उलट चालते. ती अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये ताणून मोठी करतात आणि तशीच थंड ठेवून नळ्यांच्या तोंडांवर सरकवतात. खोलीच्या तापमानाला आली की तिला आपला मूळ लहान आकार आठवतो आणि ती नळ्यांना आवळते. धाव केवळ थंडीने आकसते, ही कडी आठवणीने आकसते, म्हणून तिची पकड कितीतरी पट मोठी.

हे काम महाराष्ट्रातही झाले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील धातुतज्ज्ञांनी तेजस या भारतीय हलक्या लढाऊ विमानासाठी निकेल, टायटॅनियम आणि थोडे लोह यांच्या संमिश्राच्या अशा कड्या विकसित केल्या. लोह घालण्याचे कारण साधे आहे. उंच आकाशात कडाक्याची थंडी असते. तिथे कडी पुन्हा मार्टेन्साइटमध्ये जाऊन ढिली पडता कामा नये. लोहामुळे तो बदल होण्याचे तापमान खूप खाली जाते. तेजसने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. केंद्राचे संचालक आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. श्रीकुमार बॅनर्जी हे स्वतः धातूंमधील अशाच रचनाबदलांचे अभ्यासक होते. विदर्भातल्या वाड्यावस्त्यांवर धाव चढवणाऱ्या हातांना आणि तुर्भ्यातल्या या माणसांना एकच प्रश्न पडला होता : जोड नसलेल्या गोष्टी खिळा न ठोकता कायमच्या कशा धरायच्या?

तार तापते

कडीला एकदाच आवळायचे असते, घाई नसते. घाईचा प्रश्न आला तो या धातूच्या दुसऱ्या गुणामुळे. आधीच उबदार, म्हणजे ऑस्टेनाइट अवस्थेत असलेली निटिनॉलची तार ओढली, तर ताणामुळेच तिच्यात मार्टेन्साइट तयार होऊ लागते आणि तार शंभरात ६ ते ८ इतकी लांबते. सोडली की सारे परत. पोलादी स्प्रिंगची तार शंभरात एकाच्या आसपासच शरण येते. चष्म्याच्या न मोडणाऱ्या काड्या आणि दातांच्या तारा याच गुणावर चालतात. ओढतानाचा ताण सोडतानाच्या ताणापेक्षा जास्त असतो आणि त्या दोहोंतल्या फरकाइतकी ऊर्जा तार गिळते. म्हणजे ती स्प्रिंगही आहे आणि धक्का शोषणारीही.

माझ्या पुतण्याच्या दातांची उरलेली तार मी दोन पकडींत धरून हळू ओढली आणि ओठाला लावली. काही जाणवले नाही. मग झटकन ओढून लगेच लावली. ऊब लागली. तशीच ताणून धरली, निवू दिली आणि एकदम सोडली. आता ती गार लागली. पाण्याची वाफ होताना उष्णता आत घेतली जाते आणि वाफेचे पाणी होताना बाहेर पडते, ही शाळेतली अप्रकट उष्मा. तारेतही तेच घडते. ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होताना उष्णता बाहेर पडते, परत येताना शोषली जाते.

आता हिशेब पाहा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत हा बदल सुरू करायला साधारण ४० ते ५० किलोचा ओढा लागतो. तार एका अंशाने गरम असेल तर त्याच बदलाला सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम जास्त लागतात. हळू ओढली तर निघालेली उष्णता हवेत जाते आणि ओढा सारखा राहतो. झटकन ओढली तर उष्णतेला जायला वेळच नसतो. तार २० अंशांनी तापली तर १२ ते १४ किलो जादा लागतात. वर, लगेच सोडली तर ती तापलेलीच परत निघते, म्हणून परतीचा ताणही वर सरकतो. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटांतले अंतर घटते, आणि गिळली जाणारी ऊर्जाही घटते. तार जास्त ताठ होते आणि धक्का कमी शोषते.

हा उलगडा व्हायला बराच काळ गेला. वेगाने ओढल्यावर ताण वाढतो हे दिसत होते, पण त्यावरून धातूचा रचनाबदलच मंद आहे, असे वाटणे साहजिक होते. टेक्सासमध्ये जॉन शॉ आणि स्टेलिओस किरियाकिडीस यांनी १९९५ मध्ये तारेवर बारीक तापमापक बसवून, हवेत आणि पाण्यात, वेगवेगळ्या वेगांनी तिला ओढून पाहिले. पाणी उष्णता चटकन ओढून घेते; तिथे वेगाचा परिणाम बराच ओसरला. धातू मंद नव्हता. मंद होती ती उष्णता. अणूंच्या रांगा ध्वनीच्या वेगाने कलंडायला तयार असतात, पण त्यांनी टाकलेली ऊब धातूबाहेर पडायला सेकंद लागतात. वडिलांच्या वाक्यातली सवड ही स्प्रिंगला स्थिरावण्यासाठी होती. या तारेला ती निवण्यासाठी लागते.

याहूनही मोठी घाई असते. केंब्रिजच्या बर्ट्राम हॉपकिन्सन याने १९१४ मध्ये लांब पोलादी दांड्यातून जाणाऱ्या आघाताच्या लहरीवरून धक्का मोजायची रीत काढली. १९४९ मध्ये कोल्स्की याने दोन दांड्यांच्या मधोमध नमुना ठेवून ती पुढे नेली. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत घडणारे असे आघात निटिनॉलवर केले, तेव्हा सिया नेमात-नासर आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास एक सीमा दाखवली. वेग वाढत जातो तसा रचनाबदलाला लागणारा ताण वाढत जातो, आणि एका वेगाला तो इतका होतो की त्याआधीच अणूंचे थर एकमेकांवरून कायमचे घसरतात. त्या वेगापलीकडे हा धातू इतर धातूंसारखाच वाकतो. परतीची वाट उरत नाही.

अशा टोकाच्या आघाताची निशाणी पाहायला मला दूर जावे लागत नाही. आमच्या रिसोड तालुक्याला लागूनच लोणार आहे. तिथल्या बसाल्टमधल्या काही खनिजकणांची, उल्केच्या धक्क्याने, न वितळताच काच झाली आहे. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि १९७३ साली लोणार हे उल्काघाताचे विवर असल्याचे मांडताना हा मोठा पुरावा ठरला. कोणत्याही पदार्थाला एवढ्या घाईत स्वतःचा आकार आठवत नाही.

असिसी आणि किल्लारी

भूकंपाचा वेग या दोहोंच्या मधला. इमारत सेकंदाला एकदा किंवा काही वेळा हलते. तारेला निवायला हे कमी, पण परतीची वाट मोडायला फार हळू. इटलीत २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात असिसीच्या संत फ्रान्सिस चर्चची कमान कोसळून चार जण गेले. दुरुस्ती करताना वरच्या त्रिकोणी भिंती आणि छप्पर यांना जोडण्यासाठी आकारस्मृती संमिश्राची साधने बसवली गेली. त्रिन्यानो गावच्या सान जॉर्जो चर्चचा घंटामनोराही १९९६ च्या धक्क्यात तडकला होता. त्याला अशाच तारांनी बांधले. जून २००० मध्ये पुन्हा तसाच धक्का आला आणि मनोऱ्याला काही झाले नाही. त्याच सुमारास इटलीतील मौरो डोल्चे आणि डोनातेल्लो कार्डोने यांनी तारा भूकंपाच्या वेगाने पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या, आणि सावकाश चाचणीपेक्षा ऊर्जा कमी गिळली जाते, असे २००१ मध्ये मांडले. मनोरा वाचतो, पण सावकाश मोजलेल्या आकड्यावर विसंबून नव्हे; घाईत मोजलेला आकडा वेगळा धरावा लागतो.

किल्लारीच्या घरांना हा धातू वाचवू शकला असता, असे मी म्हणणार नाही. तो महाग आहे आणि त्या घरांना हवे होते ते साधे होते : भिंतीच्या दोन्ही तोंडांना शिवणारे लांब दगड, चौफेर फिरणारा आडवा पट्टा, हलके छप्पर. ट्रकबरोबर गेलो तेव्हा काही घरांत दगड खाली आलेले आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिलेला मी पाहिला होता. लाकूड हलते, सांधे कुरकुरतात, धक्का त्यात थोडा जिरतो. ज्यांनी ते सांगाडे उभारले, त्यांनी कोणतीही चाचणी केली नव्हती. पण आपल्या मंदिरांचा, वाड्यांचा आणि दगडी वेशींचा विचार करायची वेळ येईल, तेव्हा असे धातू आपल्याकडेही विकायला येतील. त्यांच्या माहितीपत्रकात ताणाचा एक आकडा छापलेला असेल. तो खोटा नसेल. फक्त तो सवडीने काढलेला असण्याचा संभव आहे.

धंद्यातल्या माणसाच्या नात्याने मी एवढेच सांगेन, की तेव्हा विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : हे किती वेगाने ओढून पाहिले?

माझ्या दुकानात वडिलांच्या वेळचा एक स्प्रिंगचा काटा अजून टांगलेला आहे. तो आता विकायच्या कामाचा नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे जी पारडी वाजली, त्यांतली दोन त्याला आहेत. नवीन मुलगा कामाला आला की मी त्याला त्या काट्यावर २० किलोचे वजन आधी ठेवायला लावतो आणि मग सोडायला. काटा ४० कडे झेपावतो तेव्हा मुलगा दचकून हात मागे घेतो. मग मी त्याला परत एकदा, हळू, ठेवायला सांगतो.